नटराजाचं तोंड पूर्वेला

उल्का, तुझ्या शोकसभेत सगळ्यांनी कपाळावर हात धरले होते. दुःखानं नव्हे, उन्हामुळे.

एप्रिलची संध्याकाळ, सहा वाजलेले. आपल्या मराठी मंडळाच्या खुल्या थिएटरच्या पायऱ्यांवर पाइनच्या परागांची पिवळी धूळ साचलेली. ती पेपर टॉवेलनं पुसून माणसं बसली होती, आणि समोर, स्टेजच्या डोक्यावर, अमेरिकेतल्या या अल्फारेटाचा सूर्य थेट सगळ्यांच्या डोळ्यांत. तू असतीस तर हसू दाबायला तोंडात रुमाल कोंबला असतास. मला मात्र हसू येईना. ते ऊन तिथे का आलं, याचं खरं कारण त्या सगळ्या माणसांत मला एकटीला ठाऊक होतं. निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

तुला जाऊन तीन आठवडे झाले. भेटेल तो म्हणतो, वंदना, लिहून काढ, मोकळं वाटेल. मी मोकळं-बिकळं वाटावं म्हणून लिहीत नाहीये. तुला एक गोष्ट सांगायची होती, ती सहा वर्षं सांगितली नाही. आता सांगायला गेलं तर तू ऐकायला नाहीस, आणि न सांगता मला बसवत नाही. तेव्हा ऐक.

सुरुवात ग्रीसपासून करते, कारण भांडणाची सुरुवातही तिथलीच. तुझी रेवा कॉलेजला गेली त्या उन्हाळ्यात तू मला जवळजवळ ओढत नेलंस. मला समुद्रकिनारा हवा होता, पांढरी घरं हवी होती. तू म्हणालीस, "घरं काय पाहायची, घरात तर रोज राहतोच." अथेन्सहून भाड्याची गाडी घेऊन आपण एपिडॉरसला गेलो. भर दुपार, पंजाबी ड्रेसवर पांढरे स्नीकर्स घातलेली तू, पर्समध्ये मोजपट्टी. अमेरिकेत येऊन आयुष्यभर तू पार्किंगचे मजले काढलेस, गाड्या कुठून चढतील आणि कुठून उतरतील ते. त्या दुपारी पहिल्यांदा मी तुला आर्किटेक्ट म्हणून पाहिलं. झाडांतून वर आलो आणि ते पंख्यासारखं उलगडलेलं दगडी थिएटर दिसलं, तेव्हा तू चक्क गप्प झालीस. नागपूरची माणसं गप्प होतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

मग जी बोलायला लागलीस, ती परत गाडीत बसेपर्यंत थांबली नाहीस. "यांनी आधी टेकडी शोधली, वंदू. ही टेकडी माणसं मांडीवर घेऊन बसेल का, ते पाहिलं. मग दगड आणले. पाया नाही, खांब नाहीत, सगळा भार टेकडीनं घेतला." तू मला दगडी बाकावर बसवून पाय मागे घ्यायला लावलेस. बाकाच्या पुढच्या कडेखाली दगड आत कोरलेला होता, पाय आखडून घेता यावेत म्हणून. "बघ, मागून कोणी जायला निघालं तर तुला उठावं लागत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी एका माणसानं दुसऱ्या माणसाच्या गुडघ्यांचा विचार केला होता." काही जुन्या थिएटरांत दगडावर माणशी जागेच्या रेघाही कोरलेल्या सापडतात, हे सांगताना तू माझ्याकडे पाहून म्हणालीस, "आपल्या मंडळात हे पाहिजे. एक बाई येते आणि ओढणी, पर्स, स्वेटर टाकून सात जागा धरते." ती बाई मीच होते. मी कबूल केलं नाही.

दोन्ही बाजूंच्या रुंद वाटा तुला सगळ्यांत आवडल्या होत्या. प्रेक्षक तिथूनच यायचे, नटही तिथूनच यायचे, आणि यायचं ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, मधल्या गोल अंगणाच्या कडेनं. तू म्हणालीस, आपल्याकडे नाटक सुरू झाल्यावर अर्ध्या तासानं येऊन "किती झालं गं?" विचारणाऱ्यांना असंच आणायला हवं, सगळ्या गावासमोरून.

मग तू मला अगदी वरच्या रांगेत पिटाळलंस. माझे गुडघे तेव्हाही कुरकुरत होते. तू खाली गोलाच्या मध्यावर उभी राहिलीस, पर्समधून गॅस स्टेशनची पावती काढलीस आणि फाडलीस. तो कागद फाटल्याचा आवाज मला वर ऐकू आला. माझ्या अंगावर काटा आला, हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही, कारण वर येऊन धापा टाकत तू पहिलं वाक्य काय बोललीस, तर "मग माइक कशाला लागतात तुझ्या नाटकांना?"

उल्का, या भांडणात मी आजही हटणार नाही. तिथे भर दुपारी आपण दोघी आणि चार जर्मन होतो. एखाद्याच्या मुलाचा फोन वाजत नव्हता, कोणी वेफर्सचं पाकीट फोडत नव्हतं, मागून कोणी "बसा ना खाली, काका" ओरडत नव्हतं. माझे नट म्हणजे दिवसभर लॅपटॉपवर काम करून, ट्रॅफिकमध्ये दीड तास घालवून तालमीला येणारी माणसं. त्यांचा आवाज पाचव्या रांगेपर्यंत गेला तरी मी देवाचे आभार मानते. तू म्हणायचीस, पायऱ्या नीट बांधल्या तर पायऱ्याच कुजबुज गिळतात आणि शब्द पुढे सोडतात. मी म्हणायचे, पायऱ्या बांध, मग बोलू. आणि मग खरंच तशी वेळ आली.

मंडळाची ती जमीन तुला आठवतेच. पार्किंगच्या पलीकडे सपाट भाग, आणि त्याच्या पूर्वेला ओढ्याकडे उतरत गेलेला गवताळ उतार, खाली पाइनची झाडं. समितीनं खुलं थिएटर करायचं ठरवल्यावर तू त्या उतारावर चार रविवार नुसती बसून होतीस. कधी सकाळी, कधी चारला, कधी सातला. मी चहाचा थर्मास घेऊन यायचे. तू गवतावर आडवी पडून सांगायचीस, "ही टेकडी तयार आहे, वंदू. नुसत्या पायऱ्या कापायच्या. लोकांचं तोंड पूर्वेला, संध्याकाळचं ऊन पाठीवर, नटाच्या मागे झाडं. नटांच्या चेहऱ्यावर मावळतीचा उजेड येईल, लाइटसुद्धा लागणार नाहीत." तेव्हा तुझा चेहरा कसा दिसत होता, ते तुला कोणी सांगितलं होतं का? मी तर नाही सांगितलं.

त्याच महिन्यात माझं दिवाळीचं नाटक झालं. प्रयोगानंतर सगळे बटाटेवड्याच्या टेबलापाशी जमले होते. कौतुक चाललं होतं, मी हवेत होते. तू आलीस, मला मिठी मारलीस आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, "नाटक छान होतं गं. फक्त माणसं जिथे दिसत होती तिथून बोलत नव्हती."

सगळे हसले. कोणीतरी टाळीसुद्धा दिली. तू चेष्टेत बोललीस हे मला कळत होतं. खरंही बोललीस, हेही कळत होतं, आवाज सगळा दोन बाजूंच्या स्पीकरच्या काळ्या खोक्यांतून येत होता. त्यामुळेच ते जास्त लागलं. तीन महिने तालमी घेतल्या होत्या मी, आणि लोक घरी घेऊन गेले ते तुझं वाक्य. मी हसले, वड्यांची प्लेट तुझ्या हातात दिली, आणि मनात गाठ मारली.

पुढच्या रविवारी समितीची मीटिंग. आम्ही पाच जण, आणि तू तुझे नकाशे टेबलावर पसरून उभी. नानाकाका चष्मा वर करून बघत होते. नानाकाकांना तू कधी वाईट म्हणाली नाहीस, मीही म्हणणार नाही. इंजिनिअर माणूस, रिटायर झाल्यावर व्हॉट्सॲपवर वास्तुशास्त्र शिकला, एवढंच. त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. "उल्का, म्हणजे स्टेजचं तोंड पश्चिमेला? नटराजाची मूर्ती मावळतीकडे बघणार?"

तू शांतपणे म्हणालीस, "काका, प्रेक्षकांचं तोंड कुठे असावं मग?"

"प्रेक्षक दोन तास असतात. नटराज कायमचा आहे."

यावर तूही हसलीस. उत्तर बिनतोड होतं. पण काका अडून बसले. उतार सोडायचा, पार्किंगजवळच्या सपाट जागेत मातीचा ढीग घालून त्यावर पायऱ्या करायच्या, म्हणजे स्टेज पूर्वाभिमुख होईल. तू समजावलंस की ढिगाऱ्याला मागून भिंत लागते, जॉर्जियाची ही लाल माती पहिल्याच पावसात चालू लागते, आणि पाच वाजता कार्यक्रम असेल तर लोकांना ऊन आणि गाड्यांच्या काचा याशिवाय काही दिसणार नाही. मग हात वर झाले. दोन तुझ्या बाजूनं, दोन काकांच्या. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तू पाहिलंच नाहीस, तू नकाशाची गुंडाळी करायला लागली होतीस. माझं मत तू गृहीत धरलं होतंस.

मी म्हणाले, "नानाकाकांची भावना महत्त्वाची आहे. आणि नाटक आठला सुरू केलं की उन्हाचा प्रश्नच येत नाही."

आठला! कोणाहीपेक्षा जास्त मला माहीत होतं की आपला कार्यक्रम कधी आठला सुरू होत नाही. शेजारच्या वस्तीला नऊनंतर स्पीकर चालत नाहीत, म्हाताऱ्यांना उजेडात घरी जायचं असतं, पोरांची सोमवारी शाळा. आपलं सगळं पाचला, वडे-चहासकट. हे सगळं ठाऊक असताना मी हात वर केला. काकांसाठी नाही, वास्तूसाठी तर नाहीच, मी माझ्या घरात देवघराचं तोंड कुठे आहे ते सांगू शकणार नाही. मी हात वर केला, कारण सात दिवसांपूर्वी तू मला बटाटेवड्यांसमोर लहान केलं होतंस. तुझं एक वाक्य मला बोचलं म्हणून मी तुझी टेकडी घेतली. हे सांगायचं होतं. एवढंच सांगायचं होतं.

तू "बरं" म्हणालीस. तुझ्यासारखी बाई नुसतं "बरं" म्हणते, तेव्हा समोरच्यानं घाबरायला हवं.

मातीचे ट्रक आले. भिंत झाली, तिला पहिल्याच पावसात तडा गेला, पुन्हा झाली. सप्टेंबरमध्ये उद्घाटन. साडेपाचला माणसं पायऱ्यांवर बसली आणि एकेकाचे डोळे बारीक होऊ लागले. कोणी पत्रिका कपाळावर धरली, काकूंनी पदर पुढे ओढले, तरुण मंडळी गाडीतून गॉगल आणायला पळाली. आणि तू एक खोका घेऊन रांगारांगांतून फिरायला लागलीस. त्यात कागदाच्या टोप्या होत्या, डोळ्यांवर झाप येणाऱ्या, स्टेपल केलेल्या. एकही शब्द न बोलता तू त्या वाटल्यास. मला दिलीस तेव्हा मी पाहिलं, त्यावर निळ्या रेघा होत्या. पायऱ्या, बाकाखालची कोरीव खाच, पाइनची झाडं. तुझ्या नाकारलेल्या थिएटरचे नकाशे तू कापले होतेस. सगळं मंडळ तुझं थिएटर डोक्यावर घालून माझ्या थिएटरात बसलं होतं.

मी माझी टोपी चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकली. तू ते पाहिलंस. मला तुझा इतका राग आला होता, आणि त्याहून जास्त माझा.

यानंतर आपण भांडायला हवं होतं. आपण इडलीचं पीठ वाटून घेत राहिलो. विमानतळावर सोडणं, आणणं, रेवाच्या लग्नात साड्यांची बॅग हरवली तेव्हा तिघी मिळून रडणं, सगळं झालं. तू आजारी पडलीस, आणि दर मंगळवारी मी तुला हॉस्पिटलला नेऊ लागले. तासभर जायला, तासभर यायला, आपण दोघीच. तू थकलेली असायचीस, तरी पूल दिसला की त्यातल्या चुका काढायचीस. माइकवरही भांडलो. एकदा तू सलाइन लावलेल्या हातानं पेपर नॅपकिनवर मला दाखवलंस की मागची भिंत जरा वाकवली तर आवाज कसा परत येईल. मी म्हटलं, "तू बरी हो, मग वाकवू." इतक्या वेळा जिभेवर आलं होतं. एकदा तर मी "उल्का, ती मीटिंग" म्हणून सुरुवातही केली. तू माझ्याकडे वळून बसलीस, सीटबेल्ट ताणून, अगदी पुरती वळून. आणि मी म्हटलं, "ती मीटिंग उद्या आहे ना, मला लवकर निघावं लागेल." तू परत खिडकीबाहेर बघायला लागलीस.

तर शोकसभा. मंडळाच्या पद्धतीप्रमाणे फोटो, हार, दोन मिनिटं शांतता. मग बोलायला मी. कॉलर माइक लावून उभी राहिले, तुला आवडलं नसतं, पण तो मुद्दा वेगळा. समोर ओळीनं माणसं, सगळ्यांचा उजवा हात कपाळावर. पुढच्या रांगेत नानाकाकाही तसेच, वयानं आणखी वाकलेले. मी कागदावर लिहून आणलं होतं: उत्साही, कलासक्त, मंडळाचा आधारस्तंभ. पहिली ओळ वाचली आणि पुढे वाचवेना.

मी म्हणाले, "तुम्हाला सगळ्यांना ऊन लागतंय. ते माझ्यामुळे लागतंय." आणि सगळं सांगितलं. वडे, वाक्य, गाठ, हात. बोलताना माझा आवाज फाटला, आणि माइकमुळे तो फाटलेला आवाज पार पार्किंगपर्यंत गेला. उशिरा येऊन गाडी लावणारं एक जोडपं तिथेच थांबलं. शोकसभेत अशा वेळी काय करायचं याचा मंडळाला अनुभव नाही.

खाली उतरले तेव्हा नानाकाका उठून आले. मला वाटलं, रागावतील. त्यांनी माझा हात धरला. "वंदना, तू त्या दिवशी नाही म्हणाली असतीस, तर मी ऐकलं असतं गं. मी आपला सवयीनं बोलत होतो. मला वाटलं, तुला पटतंय." मग ते म्हणाले, "सहा वर्षं मीसुद्धा उन्हातच बसतोय." आणि जाऊन बसले. उल्का, माझ्या एका हातानं नुसती तुझी टेकडी गेली नाही, त्या म्हाताऱ्याला उगाच दोषी केलं. त्यांच्याबद्दलही लोक काय काय बोलायचे, आणि मी ते बोलू दिलं.

सगळे गेल्यावर रेवा भेटली. बेलव्ह्यूहून विमानानं आली होती, दुसऱ्या दिवशी परत जाणार होती. पायरीवर माझ्या शेजारी बसली. तिच्या चेहऱ्यात तू दिसतेस, हे तिला आवडत नाही, म्हणून मी दुसरीकडे बघत होते. मी म्हटलं, "रेवा, मला हे तुझ्या आईला सांगायला हवं होतं. तुझी माफी मागते बाळा."

"मावशी," ती म्हणाली, "शी न्यू."

"काय?"

"आईला माहीत होतं. त्याच दिवशी घरी येऊन तिनं मला फोन केला होता. शी सेड, मी वंदूला सगळ्यांसमोर हर्ट केलं, म्हणून तिनं असं केलं. शी वॉज मॅड, लाइक, रियली मॅड. दोन-तीन महिने. देन शी वॉजन्ट. मी तिला म्हणायचे, जस्ट टॉक टु हर. तर ती म्हणायची, नाही, वंदू सांगेल. तिला सांगायचंय. मी विचारलं तर तिला लाज वाटेल."

रेवानं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. सूर्य गाड्यांमागे गेला होता, आणि आता कुठे समोरचं नीट दिसायला लागलं होतं, स्टेज, तुझा फोटो, कोणीतरी विसरलेला स्वेटर. मी रडले, खूप रडले.

म्हणजे सहा वर्षं मी तुझ्यापासून लपवत होते, आणि तू लपवू देत होतीस. पिठाचा डबा देताना, विमानतळावर, दर मंगळवारी गाडीत. तुलाही मला काही सांगायचं असेल ना गं? त्या वड्यांपाशी बोललेल्या वाक्याबद्दल? तेही तू माझ्यासाठीच मागे ठेवलंस का, मी आधी बोलेन आणि मग तू बोलशील म्हणून?

एवढं थांबलीस, तर अजून एक मंगळवार थांबायचं होतंस. मी सांगितलं असतं. नक्की सांगितलं असतं.

बहुतेक सांगितलं असतं.